शाळेत कंपोस्ट सुरू करताय? आधी एवढंच करा

तुम्ही आठवीतल्या पोरांनी स्वतःहून शाळेत पर्यावरणाचं काम करायचं मनावर घेतलंत आणि सुरुवात कुठून करू असं तू विचारलंस, खूप भारी वाटलं वाचून. मी गेली सात-आठ वर्षं मुलांसोबत हेच करतेय म्हणून सांगते, सोलार, बाग, पावसाचं पाणी सगळं एकदम काढू नका, कंपोस्टचा एकच ड्रम घ्या आणि तो नीट चालवा.

पहिला आठवडा फक्त वजन करा. खिचडी किती उरली, भाजीची देठं-सालं किती, सगळं भिंतीवरच्या तक्त्यात लिहा. आमच्याकडे तो तक्ता बघूनच पोरं ताटात बेताचं वाढून घ्यायला लागली, आणि मुख्याध्यापकांची परवानगी मागायला जाताना तोच कागद कामाला आला.

मग ड्रम. भोकं हवीतच. एक घमेलं ओला कचरा तर दोन घमेली वाळका पाला, वर थोडं आंबट ताक. मूठभर दाबून बघ, हाताला ओल लागली पाहिजे पण पाणी गळता कामा नये. वास आला म्हणजे ओलं जास्त झालंय, पाला घाल, खालीवर कर, पण काम बंद करू नका.

हमखास होणाऱ्या चुका:
- उरलेली खिचडी, तेलकट पहिल्याच दिवशी टाकणं.
- सगळं एकाच हुशार मुलीवर सोडणं. पाळ्या लावा, त्यात सहावीतले दोघं घ्याच, तुम्ही दहावीला गेलात की तेच सांभाळणार.
- दिवाळीच्या सुट्टीत कोण बघणार हे न ठरवणं. शाळेतल्या मावशींना आत्ताच विचारून ठेव.

गांडूळखताचं नंतर बघू. पहिल्या आठवड्याचं वजन किती आलं ते मात्र नक्की कळव.