वाचक विचारतात : फॉर्ममधली तारीख

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे कापूस-तूर आणायचा दिवस आणि वेळ नोंदवायला वेबवर फॉर्म आहे. लोक मोबाइलवरून ‘५.११.२४’, ‘५ नोव्हें’, ‘परवा साडेतीनला’ असं लिहितात आणि फॉर्म ते नाकारतो. इंग्रजी अंकांत लिहिलेलं ‘५/११/२०२४’ घेतो, पण नोंद ११ मेची पडते. एकच साचा सक्तीचा करावा का?
(एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : सक्ती नको. शेतकऱ्याने लिहिलेलं मराठीत बरोबरच आहे, ते समजून घ्यायचं काम प्रोग्रामचं.

वेब फॉर्म ज्या भाषेत चालतात त्या जावास्क्रिप्टची ‘न्यू डेट’ (तारीख बनवणारी आज्ञा) तिरक्या रेघेची तारीख अमेरिकी पद्धतीने वाचते, आधी महिना, मग दिवस. म्हणून ११ मे. १३/११/२०२४ दिलं तर ती ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणते. म्हणजे १ ते १२ तारखेपर्यंतची चूक गुपचूप आत जाते. चाचणी २० तारखेची नोंद टाकून केली, तर ही बाजू दिसतच नाही. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेची ‘स्ट्रटोटाइम’ तिरकी रेघ दिसली की महिना आधी धरते, आडवी दिसली की दिवस. तेव्हा तयार फंक्शनच्या भरवशावर न राहता तुकडे स्वतः करा.

सगळ्यात आधी देवनागरी अंक इंग्रजी करा. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकूर जुळवायच्या साच्यातला) ‘कोणताही अंक’ सांगणारा ‘बॅकस्लॅश-डी’ ‘५’ला अंक मानत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात ‘०’चा क्रमांक हेक्समध्ये (१६च्या पटीतल्या मोजणीत) ०९६६ आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून तो वजा केला की किंमत हाती येते. मग टिंब, रेघा, मोकळी जागा यांचं एकच चिन्ह करा आणि दिवस-महिना-वर्ष असे तुकडे पाडा. ‘न्यू डेट’ला ३१ आणि नोव्हेंबर असे सुटे आकडे दिले तर ती तक्रार न करता १ डिसेंबर करते, म्हणून बनलेल्या तारखेतला दिवस परत वाचून ताडून घ्या. वर्ष लिहिलं नसेल तर आजपासून पुढची पहिली तारीख धरा. कापसाचा हंगाम वर्ष ओलांडतो, डिसेंबरात लिहिलेलं ‘५/१’ पुढच्या जानेवारीचं असतं.

महिन्यांचा तक्ता सढळ हाताने भरा : नोव्हें, नोव्हेंबर, नोव्हेम्बर, आणि आपल्याकडे हिंदी वळणाचं नवंबरही येणारच. ऑगस्टमध्ये एक छुपी अडचण आहे. काही जण ‘ऑ’ एकाच अक्षराने टाइप करतात, काही ‘आ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची सोय) त्यांना एक करत नाही. दोन्ही रूपं तक्त्यात टाका.

वेळेसाठी वेगळा रकाना ठेवा, नाहीतर ‘३.११’ ही तारीख की वेळ हे कळणार नाही. ‘साडे’ला ३० मिनिटं मिळवा, ‘सव्वा’ला १५ मिळवा, ‘पावणे’ला १५ वजा करा. दीड, अडीच, नुसतं ‘सव्वा’ (१:१५) आणि नुसतं ‘पाऊण’ (१२:४५) या नियमात बसत नाहीत, ते स्वतंत्र लिहा. केंद्र ९ ते ६ चालत असेल तर ‘साडेतीन’ दुपारचेच.

‘परवा’ मागचाही असतो, पुढचाही. ते रकान्यावरून ठरवा : माल आणायचा परवा पुढचा, पेरणीचा मागचा. ‘पोळ्यानंतर’ असं कोणी लिहिलं तर अंदाज बांधू नका, कॅलेंडर उघडून द्या.

जतन करण्याआधी लावलेला अर्थ वारासकट दाखवा : ‘मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३:३०’. खाली ‘बरोबर’ आणि ‘बदला’ ही बटणं. वार पाहिला की चूक माणसाच्या चटकन लक्षात येते. मूळ लिहिलेला मजकूरही वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

प्रश्न : फॉर्ममध्ये ५ तारीख दिसते, डेटाबेसमध्ये ४ पडते. असं का?
(एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : तुमच्या कोडमध्ये बहुधा तारखेचा मजकूर बनवणारं जावास्क्रिप्टचं ‘टूआयएसओस्ट्रिंग’ आहे. ते जागतिक वेळ देतं आणि ती आपल्या साडेपाच तास मागे असते. आपली ५ तारखेची मध्यरात्र तिथे ४ तारखेची संध्याकाळ, १८:३०. नुसत्या तारखेला घड्याळ जोडूच नका. वर्ष-महिना-दिवस या क्रमाचा मजकूर बनवून तसाच तारखेच्या कॉलममध्ये टाका. जन्मतारीख घेत असाल तर वर्ष चार आकडीच मागा. दोन आकडी ‘६२’ला पायथन भाषेची ‘स्ट्रपटाइम’ २०६२ समजते.