फॉर्म भरण्याआधी

अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगारांवरचं तुझं टिपण रात्रीच वाचून काढलं. वस्तीच्या इतिहास-पुरस्काराला जरूर पाठव, पण आत्ता आहे तसं नको.

पहिल्याच पानावर ‘देशातली सर्वांत जुनी मिल’ असं ठोकून दिलंयस. अरे, मुंबईत ताडदेवला त्याच्या वीसेक वर्षं आधी कापडगिरणी सुरू झाली होती. आपली मिल 1 जानेवारी 1877ची. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून जमशेटजी टाटांनी हे नाव ठेवलं. इतकं पक्कं हाती असताना ‘सर्वांत जुनी’चा सोस कशाला? अशा परीक्षकांत एखादा खडूस निवृत्त मास्तर असतोच. तो नेमकं तिथे बोट ठेवतो आणि मग पुढचं खरंही त्याला खरं वाटेनासं होतं.

टिपणातला जीव आहे तो आजोबांच्या बोलण्यात. बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागणारे, पहाटे गेटवर उभे, जॉबरने, म्हणजे कामगार घेणाऱ्या मुकादमाने, खूण केली की आत, नाहीतर ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावावर चक्कर मारून घरी. हे कुठल्या गॅझेटियरात सापडायचं? फक्त संपाचं साल आजोबा एक सांगतात, आजी दुसरंच, आणि तू आजींचं कापून टाकलंस. दोन्ही ठेव. कोण म्हणालं, कधी, स्वतः पाहिलेलं की बापाकडून ऐकलेलं, ते समासात लिही. मग त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळ. निकाल आजींच्या बाजूनेही लागेल, सांगता येत नाही!

खोलीवरून भावाभावांत झालेलं भांडण मात्र त्यांना विचारल्याशिवाय छापू नकोस. शेजारीपाजारी वाचणार आहेत. विचारताना नाव घालायचं की नाही तेही विचारून घे.

बक्षीस म्हणजे बहुतेक शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र. मिळालं तर छानच. पण वाचनालयात एक प्रत आणि आजोबांच्या घरी एक, ही सोय निकालाची वाट न बघता कर. मोठ्या टायपात छाप, त्यांना चष्मा लावूनही बारीक दिसत नाही म्हणालास ना?

रविवारी आजोबांचं मिलमधलं हजेरीचं कार्ड घेऊन ये. आपण स्कॅन करू, पाठची बाजूसुद्धा. तिथे पेन्सिलीने काहीतरी हिशोब केलेला दिसतोय. कार्ड संध्याकाळच्या आत त्यांच्या घरी परत गेलं पाहिजे.