मधल्या खोलीत नळीनं ऊन आणायचं तर

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापुरात शुक्रवार पेठेत जुनं घर, दोन्ही अंगाला शेजाऱ्यांच्या भिंती, पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर आणि मधे दहा बाय बाराची खोली. तिला खिडकी नाही. भर दुपारी सासूबाई दिवा लावून तांदूळ निवडतात. वर स्लॅब आणि त्यावर मोकळी गच्ची. नळीचा स्कायलाइट बसवला तर उजेड पडेल का, पावसाळ्यात गळेल का आणि उन्हाळ्यात खोली तापेल का?

उजेड पडेल. गळू शकतं, आमच्याकडं गळलं. तापण्याची काळजी सोडून द्या.

मी हे काम स्वतःच्या घरी दोनदा केलंय. दोनदा, कारण पहिल्यांदा चुकलं. त्यानंतर ओळखीच्या तिघांच्या घरी उभं राहून करून घेतलं. कंपनीचं पत्रक सांगत नाही तेवढंच इथं सांगतो.

आपल्याकडं कौलारू घरांत माजघरावर एखादं काचेचं कौल असायचं. चुलीच्या धुरात त्यातनं उन्हाचा खांब उतरलेला दिसायचा. नळीचा स्कायलाइट म्हणजे त्याच कौलाचा नातू. गच्चीवर पारदर्शक घुमट, खाली आतून आरशासारखी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी आणि छताला दुधी झाकण, ज्याला डिफ्यूझर म्हणतात. वरून आलेलं ऊन नळीच्या भिंतींवर आपटत आपटत खाली येतं आणि दुधी झाकणातून खोलीभर पसरतं. हलणारं काही नाही, वीज नाही.

खरी मेख त्या आपटण्यात आहे आणि मी पहिल्यांदा फसलो तो तिथंच. उद्यमनगरातल्या कारखान्यांत निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळं आपल्याला काय अशक्य, अशी घमेंड होती. चकचकीत स्टीलचा पत्रा आणला, रोल करून १४ इंची नळी वळवली, दिसायला अगदी आरसा. पण डोळ्याला आरसा दिसणारं स्टील पडलेल्या उजेडातला साधारण ६५ टक्केच परत फेकतं. नळीसाठी मुद्दाम केलेला परावर्तक थर ९८ टक्क्यांच्या आसपास फेकतो. एका टप्प्याला हा फरक फार वाटत नाही. आमच्या स्लॅबखाली जुना लाकडी माळा तसाच ठेवलेला, म्हणून नळी चार फुटांची. डिसेंबरात दुपारी किरण त्यात साधारण तीनदा आपटतो: चांगल्या थराचे ९४ टक्के शिल्लक राहतात, स्टीलचे २७. सकाळी साडेआठला सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असतो, तेव्हा नऊ-एक वेळा आपटतो: चांगल्या थराचे ८३ टक्के, स्टीलचे दोन. दोनच टक्के! बायको म्हणाली, "एवढं भोक पाडून चांदणं आणलंत होय?" त्यामुळं घुमट, त्याच्या बुडाशी बसणारी पत्र्याची कड म्हणजे कॉलर, काहीही स्थानिक बनवून घ्या, नळीचा आतला थर मात्र विकतचा घ्या आणि परावर्तन किती टक्के ते लेखी मागा. तुमच्याकडं माळा नसेल तर नळी दोन फुटांच्या आतच बसेल, म्हणजे तुमचं नुकसान आमच्यापेक्षा कितीतरी कमी.

आता तोंड गच्चीवर कुठं काढायचं. याचा विचार लोक सगळ्यात कमी करतात. खोलीच्या बरोबर मधोमध खूण करतात आणि मोकळे होतात. कोल्हापूरकराला खरं तर हे शिकवायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतोय. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येत देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतं. वाटेत एखादी इमारत आडवी आली, नाहीतर क्षितिजावर ढग आले की तिथंच अडतं. बांधणाऱ्यांनी सूर्य कुठल्या दिवशी कुठं मावळतो ते धरून दार ठेवलं. आपल्याला फक्त भोक ठेवायचंय, पण हिशेब त्याच जातीचा.

आपलं अक्षांश साडेसोळाच्या थोडं पुढं, १६.७ अंश उत्तर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळं कोण बघतंय. या दोन्हींच्या मधले तीन महिने सूर्य दुपारी किंचित उत्तरेला असतो, उरलेलं वर्षभर दक्षिणेला. सगळ्यात खाली डिसेंबरात, २१-२२ तारखेला, तेव्हा दुपारी तो फक्त ५० अंशांवर चढतो. आपल्याकडं सूर्याची दुपार घड्याळातल्या बाराला होत नाही, साडेबाराच्या सुमारास होते.

याचा तुमच्या गच्चीवर अर्थ असा: दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनी तुमच्या गच्चीपेक्षा दहा फूट वर भिंत नेली असेल, तर डिसेंबरात भर दुपारी तिची सावली साडेआठ फूट तुमच्या अंगणात, म्हणजे गच्चीत, पडते. उत्तरेच्या भिंतीची काळजी जवळजवळ नाही, जूनमध्येसुद्धा तिची सावली फूट-सव्वा फूटच. म्हणून तोंड होता होईल तेवढं उत्तरेकडं सरकवा. खोलीत झाकण थोडं एका बाजूला आलं तर बिघडत नाही. नळीला कोपरा देऊन मधोमध आणायचा मोह टाळा, प्रत्येक वळणाला उजेड गळतो. आणि पाण्याची टाकी! आमच्या एका मित्रानं सगळं नीट केलं, पुढच्या वर्षी भावानं हजार लिटरची काळी टाकी बरोबर दक्षिणेला चढवली.

व्यास. कंपन्या १० इंची नळी दीडशे-दोनशे चौरस फुटांना पुरते म्हणतात, १४ इंची अडीचशे-तीनशेला. तुमची खोली १२० चौरस फूट, त्यामुळं १० इंची घ्या. स्वच्छ दुपारी मोकळ्यावर साधारण एक लाख लक्स, म्हणजे चौरस मीटरला एक लाख ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप), उजेड असतो, १० इंची तोंडातून त्यातले पाच हजार ल्युमेन आत शिरतात. घुमट, नळी, झाकण यांत निम्मे गेले धरा, तरी अडीच हजार उरतात. २० वॉटची एलईडी ट्यूब दोन हजार देते. म्हणजे दुपारी ट्यूबपेक्षा जास्त, आणि त्या उजेडात तांदळातला खडा, साडीचा रंग खरा दिसतो तो वेगळाच.

पण आषाढात? दाट ढगांखाली बाहेरच उजेड दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असतो. अडीचशे ल्युमेन, म्हणजे ९ वॉटच्या बल्बच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. चालता येईल, वाचता येणार नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर किती दिवस सूर्य दिसतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा बटण दाबावंच लागेल. विजेची बचत म्हणून तर हे काम करूच नका. २० वॉटची ट्यूब रोज आठ तास लावली तरी वर्षाला ५८ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी सहाशेच्या आत. एवढ्यासाठी कुणी स्लॅब फोडतं का? दिवसा घरात दिवस असल्यासारखं वाटावं, एवढ्याचसाठी करायचं.

तापण्याचं एका वाक्यात: अडीच हजार ल्युमेन उन्हाबरोबर खोलीत साधारण २५ वॉट उष्णता येते, जवळपास ट्यूबइतकीच, आणि एक पाहुणा येऊन बसला तर तो शंभर वॉट टाकतो.

आता स्लॅब. इथं घाई नको. घरात छताचे पोपडे पडले असतील, सळई गंजून फुगलेली दिसत असेल तर भोक पाडायचा विचारच सोडा, आधी स्लॅबची दुरुस्ती. स्लॅब धडधाकट असला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा आणा. गवंडी कितीही जुनाजाणता असू दे, "काय होत नाही" हे त्याचं वाक्य आपल्या घराला चालत नाही. सळया साधारण सहा इंचांवर असतात, १० इंची भोकात प्रत्येक दिशेची एक किंवा दोन कापली जाते, १४ इंचीत दोन-तीन. म्हणूनही मी १० वर अडून बसतोय. सळई शोधायचं यंत्र फिरवून भोक दोन-चार इंच इकडंतिकडं सरकवलं की एखादी सळई वाचते. बीममधून किंवा बीमला लागून कधीही नाही, आणि बाहेर लोंबणाऱ्या भागातही नाही.

छिन्नी-हातोड्यानं फोडू देऊ नका, आजूबाजूला तडे जातात. हिऱ्याच्या दातांचा कोअर कटर भाड्यानं माणसासकट मिळतो, तो पाणी सोडत गोल कापतो. खाली ड्रम, ताडपत्री आणि टेकू हवाच: पाच इंची स्लॅबचा १० इंची गोळा १५ किलोचा असतो, १४ इंची ३० किलोचा. तो सुटतो तेव्हा सांगून सुटत नाही. कापलेल्या सळयांची उघडी तोंडं इपॉक्सी लावून बंद करा, नाहीतर गंज तिथूनच आत चालत जातो.

आणि पाणी. आमच्या पहिल्या कामात कॉलर थेट गच्चीच्या पातळीवर ठेवली, खाली-वर सिलिकॉन मारला, छान गोल फिनिशिंग. ते वर्ष २०१९. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढत होतं, सगळं शहर खालच्या पाण्याकडं बघत होतं आणि आम्ही वरच्या. दुधी झाकणात वाटीभर गढूळ पाणी डुलत होतं, वर एक मेलेली पाल. कारण नंतर समजलं. ॲल्युमिनियम तापल्यावर काँक्रीटच्या जवळपास दुप्पट फुगतं, एप्रिल-मेच्या उन्हात रोज ओढाताण होऊन सिलिकॉनची कड सुटली होती. शिवाय तो व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन होता, तो काँक्रीटला नीट धरतच नाही. वास न येणारा न्यूट्रल किंवा पॉलियुरेथेन सीलंट लागतो.

दुसऱ्या वेळी असं केलं, आणि तेव्हापासून थेंब नाही. भोकाभोवती नऊ इंच उंच गोल कट्टा काँक्रीटचा ओतला, कोब्यावर नाही, कोबा तेवढा खरवडून थेट स्लॅबवर. कट्टा आणि गच्ची जिथं मिळतात तिथं सिमेंटची गोलाई देऊन त्यावर वॉटरप्रूफिंग कट्ट्याच्या माथ्यापर्यंत चढवलं. मग कॉलर कट्ट्याच्या बाहेरून तीन इंच खाली उतरेल अशी. पितळी डब्याचं झाकण डब्याच्या बाहेरून बसतं ना, तसंच. स्क्रू माथ्यावर नाहीत, बाजूनं, रबरी वॉशर घालून. एवढं केल्यावर सीलंट नसला तरी पाणी आत जायला वर चढावं लागेल. सीलंट फक्त वाऱ्यानं उडालेल्या तुषारांसाठी आणि मुंग्यांसाठी. मुंग्यांना कमी लेखू नका. दुधी झाकणाचं रबर नीट नसेल तर महिन्याभरात आत काळे ठिपके दिसू लागतात.

कौलावर करायचं असतं तर पद्धत वेगळी, पत्र्याची वरची बाजू वरच्या कौलाखाली सरकवायची आणि खालची खालच्या कौलावर आणायची, पण तुमचा तो प्रश्न नाही.

घुमट पॉलिकार्बोनेटचा घ्या, अतिनील किरण अडवणारा थर असलेला. ॲक्रिलिक पिवळा कमी पडतो, पण वळवाच्या गारांत तडकण्याची भीती. थर नसलेला स्वस्त पॉलिकार्बोनेट मात्र काही वर्षांत हळदीसारखा होतो. ऊसतोडणीच्या दिवसांत पाचट जाळल्याची काजळी उडत येते, तेव्हा महिन्यातून एकदा ओल्या मऊ फडक्यानं पुसा. घासणी अजिबात नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण खिडकी नसलेल्या खोलीत ती उजेडाइतकीच मोठी आहे. नळी बंद असते, तिच्यातून वारा येत नाही. खोलीत कुबट वास, भिंतीला ओल असेल तर ती तशीच राहील, उलट उजेडात जास्त दिसेल. दारावर झडप किंवा स्वयंपाकघराच्या बाजूला एक्झॉस्ट, हे याच खर्चात धरा. आणि भिंतींना पांढरा रंग. आत्ता तुमच्याकडं गडद रंग असेल तर आधी तोच बदलून बघा.

दर मागताना नळीचा संच, कोअर कटिंग आणि कट्टा-वॉटरप्रूफिंग असे तीन आकडे वेगळे मागा. एकत्र आकड्यात घासाघीस झाली की तिसऱ्याच कामात काटछाट होते.

काम फेब्रुवारीत काढा, म्हणजे वळवाच्या आत कट्टा वाळून पक्का होतो. झाल्यावर कट्ट्याभोवती विटांची पाळ करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवा आणि वरून पाइपनं चारी बाजूंनी जोरात मारा, खाली कोरडा कागद पसरून. पण त्याच्याही आधी, येत्या रविवारी सकाळी नऊ, साडेबारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन खडूनं सावल्यांच्या कडा आखा. आणि खाली सासूबाईंना विचारा, तांदूळ घेऊन त्या नेमक्या कुठं बसतात.