बालवाडीत कागदाच्या घड्या शिकवणं जपानमधून आलं का? चार वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग काय?

घड्यांना 'उपयोग काय' म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय. कागद दुमडणं जपानात जुनंच, पण बालवाडीच्या तासात ते बसवलं जर्मनीच्या फ्रोबेलने. 'किंडरगार्टन' हे नाव त्यानेच १८४० मध्ये दिलं. टोकियोत १८७६ ला बालवाडी निघाली, तेव्हा त्याच्या घड्या तिकडे पोचल्या आणि तिथल्या घड्यांत मिसळल्या.

मी बडोद्याला दांडिया बाजारजवळ बालवाडीत शिकवायचे. १९८८ च्या पावसाळ्यात आवारात घोटाभर पाणी साचलं आणि पोरांनी सुलेखनाच्या वह्या फाडून होड्या सोडल्या. एकीला मात्र शाईची दौत करायची होती. त्याला चौरस कागद लागतो, वहीचं पान लांबट. मी मुद्दाम गप्प बसले. तिने आखूड कड तिरकी दुमडून लांब कडेवर बसवली, उरलेल्या पट्टीची घडी नखाने दाबली, थुंकी लावून फाडली. झाला चौरस! तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. "पालक होड्यांची फी भरत नाहीत," म्हणाल्या आणि माझा पस्तीचा खोका (पुण्याकडे रद्दी म्हणतात) उचलून नेला. वह्या फाडल्या ही चूकच, पण खोक्याने काय केलं होतं?

तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे सुंदर राव यांचं पुस्तक हाती आलं. मद्रास, १८९३, नुसत्या घड्यांतून भूमिती. कल्पना किंडरगार्टनच्या खेळसाहित्याच्या आठव्या संचावरून सुचली, असं ते प्रस्तावनेतच सांगतात. त्या संचात २०० रंगीत चौरस कागद असायचे. आणि सुरुवात कशाने? वेड्यावाकड्या कागदातून चौरस काढण्याने! आडव्या कागदाची आखूड कड लांब कडेवर. माझ्या पोरीने केलं तेच. बाई, ऐकताय ना?

तेव्हा उपयोग विचारू नका, कागद द्या. महागडी रंगीत पाकिटं नकोत, जुनं वर्तमानपत्र चालतं. तीन वर्षांच्या आतल्यांना घाई नको, ती कागद खातात.

आणि एक कबूल करते. शेवटी शेवटी मीही चाळीस मुलांकडून 'आता पहिली घडी, आता दुसरी' अशी कवायत करून घ्यायचे. फ्रोबेलच्या चेल्यांनीही तेच केलं होतं. तसंच करणार असाल तर सुलेखन बरं.