बिल्डिंगखालच्या गॅरेजात लहान मुलगा काम करतो. तक्रार केली तर त्याचंच नुकसान होईल का?

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्यात तुमच्या बिल्डिंगखाली टू-व्हीलरचं गॅरेज आहे, तिथे बारा-तेरा वर्षांचा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत दिसतो आणि शेठला विचारलं की तो म्हणतो, "काम शिकतोय, उद्या मेकॅनिक होईल." फोन करावा तर पोराच्या घरची चूल बंद पडेल अशी भीती, आणि न करावा तर मनाला खात राहतं.

मी असाच पोरगा होतो. 1994 साली, कळव्याच्या एका गॅरेजात, वय तेरा. नाव बारक्या. प्रत्येक गॅरेजात एक बारक्या असतोच, पोरं बदलतात. दोन वर्षांत काय शिकलो ते सांगतो. दहा-अकराचा, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा पाना न बघता हाताला लागायचा. रॉकेलमध्ये चेन धुता यायची. इंजिन उघडायची वेळ आली की मेस्त्री म्हणायचा, "बारक्या, चार कटिंग सांग जा." त्यामुळे इंजिन उघडताना मी कायम टपरीवर. बोटांच्या पेरांतलं काळं ऑइल आई रविवारी लिंबाच्या सालीनं घासून काढायची, सोमवारी दुपारपर्यंत ते पुन्हा तेवढंच. हात खरा बसला तो पुढे आयटीआयला वेल्डर ट्रेड केला तेव्हा. आज रबाळ्याला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तेव्हा "काम शिकतोय" हे मला कोणी ऐकवू नये.

आता कायदा. माझ्या वेळी 1986च्या बालकामगार कायद्यात ठरावीक कामांवरच बंदी होती. 2016च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. 14 ते 18 मधल्यांना धोक्याची कामं बंद. बाकीची चालतात, पण दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात अजिबात नाही. तुमच्या गॅरेजचं शटर किती वाजता पडतं ते एकदा बघा.

शेठ दुसरा पत्ता टाकेल: "माझा भाचाच आहे हो." कायद्यात घरच्या धंद्यात मदतीची सूट आहे खरी, आणि मामा, काका, आत्याही त्या घरात मोजतात. पण ती शाळा सुटल्यावरची किंवा सुट्टीतली मदत. शाळेच्या वेळेत पंक्चर काढणारा भाचा त्यात बसत नाही. (भाचीवरून आठवलं. टॉवरमधल्या ज्या घरी "गावाकडची भाची" भांडी घासते, तिथे कोणाचं मन खात नाही. घरकामावरची बंदी तर 2006 पासूनची आहे.)

मग फोन करायचा का? करायचा. पण मी केला होता तसा नाही.

काही वर्षांपूर्वी वाशीच्या मार्केटजवळ एका हॉटेलात एक पोरगा ताटं विसळायचा. सोड्यानं बोटांमधली कातडी पांढरी पडलेली. मी नाव विचारलं. तो म्हणाला, "अठरा पूर्ण." मी वय विचारलंच नव्हतं. मी 1098, म्हणजे मुलांची हेल्पलाइन, लावला, माणसं आली, त्याला घेऊन गेली, मी घरी जाऊन ऐटीत बायकोला सांगितलं. दीड महिन्यानं तोच पोरगा मला तुर्भे नाक्यावर भेटला. आता उलव्याला एका साइटवर चहा वाटत होता, आणखी लांब, आणखी लपून. त्याच्या बरोबरच्या माणसाकडून कळलं की आईनं आजारपणात हॉटेलवाल्याकडून नऊ हजार उचल घेतलेली. पोरगा सुटला, उचल तशीच राहिली, हॉटेलवाला दारात येऊन बसायला लागला. मी फक्त मुलगा मोजला होता, घर मोजलंच नव्हतं.

म्हणून आधी घर शोधा. पोराशी शेठसमोर बोलू नका. तो चहा आणायला निघतो तेव्हा चार पावलं बरोबर चाला. कुठे राहतो, घरी कोण कमावतं, शाळा कितवीत सुटली, एवढंच. मग जमलं तर त्याच्या आईला भेटा, सोबत घरातली बाई असेल तर उत्तम. आईला दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, पोलीस तुम्हाला धरून नेणार नाहीत. आईवडिलांना पहिल्या वेळेला शिक्षा नाही. दुसरी, उचलीची. उचलीपोटी पोराला कामाला जुंपणं ही वेठबिगारी, आणि 1976च्या कायद्यानं तसलं कर्ज रद्द होतं. हे त्या बाईला कोणीच सांगितलेलं नसतं. माझ्या आईलाही नव्हतं.

त्यानंतर 1098. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, तुमचं नाव गुप्त ठेवतात. मुलाला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आणि घरी सोडायचं की बालगृहात ठेवायचं हे समिती ठरवते. तुम्ही आधीच आईशी बोललेले असाल तर ती आधार कार्ड, रेशन कार्ड घेऊन तिथे वेळेवर पोचते आणि अर्धी कटकट वाचते. मालकाचा दंड मुलाच्या नावच्या निधीत जातो, त्यात सरकार 15 हजार घालतं. पैसे लगेच हातात पडत नाहीत, तेव्हा घर त्यावर चालेल असं आईला सांगू नका. बाप नसेल, किंवा अंथरुणाला खिळलेला असेल, तर बाल संगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. महिन्याला 2250 रुपये. गॅरेजवाला बारक्याला याहून फार देत असेल असं मला वाटत नाही.

शाळेचं त्यामानानं सोपं आहे. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून महापालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवायचा, असं 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. असा उशिरा आलेला मुलगा मध्येच चौदाचा झाला तरी आठवीपर्यंतचं शिक्षण फुकटच. "वय झालं, आता नाही" असं कुणी म्हणालं तर लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेकदा प्रवेश होतो.

खरी गोची पुढे आहे. चौदाला कायद्याचा हात सुटतो आणि बरं काम अठराशिवाय मिळत नाही. मधल्या चार वर्षांत पोरं नाक्यावर उभी राहतात. माझ्याकडेही येतात, सोळा-सतराची, "काका, काहीपण काम द्या." ग्राइंडर चालतो तिथे मी त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नाही, आणि परत पाठवताना बरंही वाटत नाही. त्यांना मी हाच रस्ता सांगतो: आठवी झाली असेल तर वायरमन, वेल्डरसारखे काही ट्रेड आयटीआयला मिळतात, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये चौकशी करा. शाळा सुटलेली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या. नंतर कंपनीत अप्रेंटिस लागा, तिथे करार असतो, स्टायपेंड असतो आणि इंजिन उघडताना चहाला पाठवत नाहीत. 2024ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना चांगली आहे, महिन्याला सहा ते दहा हजार देते, पण निदान बारावी नाहीतर आयटीआय लागतं. दहावीत अडकलेल्या पोराला तिथे दारच नाही, आणि नाक्यावर तीच पोरं जास्त.

तुमच्या सोसायटीत कोणाचं वर्कशॉप, कोणाची कंपनी असेलच. ठाणे-बेलापूर रोडला राहून ते नसेल कसं? त्या बारक्याला मोठा भाऊ असला तर आधी त्या भावाच्या कामाचं बघा. भावाची हजेरी सुरू झाली की आई धाकट्याला परत गॅरेजात पाठवत नाही. आमच्या घरी असंच झालं. दादा एमआयडीसीत लागला आणि त्या जूनला मी आठवीत बसलो, वर्गात सगळ्यांत उंच.

एक शेवटचं. पोराला मारहाण होत असेल किंवा रात्री गॅरेजातच झोपवत असतील तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता फोन लावा. तसं नसेल तर शनिवारी संध्याकाळी लावू नका. रविवारी साहेब लोक भेटत नाहीत, आईला कोणी धड सांगत नाही आणि पोरगा अनोळखी जागी रडत बसतो. सोमवारी सकाळी लावा, आणि त्या दिवशी स्वतः अर्धी रजा टाका.