हत्यारांची पेटी शेजारच्यांकडे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. वय ६७. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. ११ दिवसांपूर्वी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, डावा डोळा जूनमध्ये. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोरच्या बिल्डिंगवरचे कावळे मोजता आले. पण त्याच डोळ्याला घरही दिसलं. छताच्या कोपऱ्यात जळमटं, ओट्यामागच्या टाइल्सवर तेलाचा थर, गॅलरीच्या ग्रिलला खालून गंज. पावसाच्या आत ग्रिल घासून रंगवायचं आहे, माळ्याचं दार बसवायचं आहे, किचनचा नळ गळतोय. या घरात मी आजवर बाहेरचा माणूस बोलावलेला नाही. मागच्या रविवारी स्टुलावर चढलो तर सुनेने आरडाओरडा केला आणि दुसऱ्या दिवशी माझी हत्यारांची पेटीच शेजारच्यांकडे नेऊन ठेवली. वर म्हणाली, "बाबा, तुम्ही पडलात तर आता मला सुट्टी मिळायची नाही." मुलगा गप्प. मला शुगर आहे, गोळी चालू आहे. डोळ्याला छान दिसतंय म्हणून दोन-तीन दिवस दुपारचे थेंब घातले नाहीत, त्यावरूनही बोलणी खाल्ली. ताई, एवढं स्पष्ट दिसायला लागलं ते नुसतं बसून बघायला का?

कासावीस, विक्रोळी

दादा,

जळमटं मलाही दिसली होती. तीन वर्षांपूर्वी माझा पहिला डोळा झाला, तेव्हा घरी आल्या आल्या मी बाथरूमच्या फरश्या बघून रडकुंडीला आले. इतकी वर्षं आपण या घाणीत राहत होतो? तसं काही नसतं. वय होतं तसं डोळ्यातलं आपलं मूळचं भिंग पिवळट, मग तपकिरी होत जातं, आणि हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. ते निघालं की पांढरं खरंच पांढरं दिसतं आणि निळा रंग तर अंगावर येतो. आज एक करून बघा. गॅलरीच्या भिंतीसमोर उभे राहा, आधी डावा डोळा झाका, मग उजवा. एका डोळ्याला ती भिंत पांढरी दिसेल, दुसऱ्याला चहा सांडल्यासारखी. भिंत एकच आहे. म्हणजे घर एका आठवड्यात बिघडलेलं नाही, आणि आणखी दोन महिन्यांत कोसळणारही नाही.

आता त्या स्टुलाबद्दल. इथे मी सुनेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे.

तुमचा एक डोळा नवा आणि एक जुना. दोन्ही डोळे वेगवेगळं चित्र पाठवतात, त्यामुळे अंतराचा अंदाज फसतो. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जाते का? जिना उतरताना शेवटच्या पायरीला पाय चाचपडतो का? चष्म्याचा नंबर मोठा असेल तर हा फरक जास्तच जाणवतो. दुसरा डोळा होईपर्यंत हे थोडंफार चालणारच. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. नवव्या दिवशी पंख्याची पाती पुसायला चढले. उतरताना जमीन आली असं वाटून पाय टाकला, तर खाली अजून वीतभर अंतर होतं. डोळ्याला काही झालं नाही, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. थेंब घालायला सुद्धा दुसऱ्याचे हात लागायचे, आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तीन महिने पुढे गेलं. दादा, ते तीन महिने मला अजून आठवतात. म्हणून दुसरा डोळा होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टूल, शिडी, माळा काही नाही. तोवर चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून ओता आणि जिन्यात कठडा धरा.

थेंबांचं मात्र मला फार लागलं, म्हणून जरा कडक बोलते. बहुतेकांना दोन प्रकारचे थेंब देतात. एक जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, ते साधारण आठवडा-दोन आठवड्यांत थांबतात. दुसरे सूज उतरवायला, बहुधा स्टेरॉइडचे, आणि ते चार-सहा आठवड्यांत हळूहळू कमी करत नेतात. मध्येच सोडले तर आत बसलेली सूज पुन्हा उठते. आपल्या मनाने लांबवले तर काहींच्या डोळ्यातलं प्रेशर चढतं. दिसणं चांगलं आहे याचा अर्थ आतली जखम भरली असा नाही. त्यात तुम्हाला शुगर. शुगर असलेल्याची जखम उशिरा भरते आणि जंतूंना तिथे लवकर वाट मिळते, हे वर्कशॉपमध्ये बोटाला लागलेल्या पत्र्यावरूनही तुम्हाला ठाऊक असेल. चुकलेले थेंब भरून काढायला दुप्पट घालू नका. आजच डॉक्टरांना फोन करून इतके चुकले म्हणून खरं सांगा. थेंबांचा कागद फ्रिजवर लावा आणि पेन्सिलीने स्वतः खूण करा. हात साबणाने धुऊन, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता, दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटं सोडून.

तुम्ही फिटर, म्हणून हे तुम्हाला आवडेल. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या झाकणाचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे घुसायचे. हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी पाहिलं की डोळा हे तुकडे चालवून घेतो, चिडत नाही. त्यावरून त्यांनी तशाच पदार्थाचं भिंग करून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. तुमच्या डोळ्यातलं भिंग त्याच घराण्यातलं. म्हणजे पार्टची काळजी नको. काळजी घ्यायची ती पार्ट जिथून आत गेला त्या वाटेची. हल्लीच्या ऑपरेशनमध्ये तो छेद दोन-अडीच मिलिमीटरचा असतो, बहुतेक वेळा टाका नसतो, तो आपला आपण मिटतो. एम-सील लावल्यावर तुम्ही लगेच पाणी सोडता का? स्लॅबला नीट पाणी मारल्याशिवाय सेंट्रिंग काढू देता का? तसंच आहे हे. डोळा चोळायचा नाही, रात्री सांगितले असतील तितके दिवस प्लास्टिकची वाटी चिकटवून झोपायचं, आणि नळाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. पूर्वी टाके असायचे तेव्हा वाकायलाही बंदी असे. आता चप्पल घालायला वाकलात म्हणून काही होत नाही, पण सिलिंडर उचलणं, दिवाणाखालून पेटी ओढणं, श्वास रोखून जाम नट सोडवणं हे डॉक्टर मोकळीक देईपर्यंत नको. मे महिना आहे, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरतो. खिशात धुतलेला रुमाल ठेवा, खांद्यावरचा पंचा नको. आणि गर्दीच्या वेळची लोकल काही आठवडे टाळा, कुणाचं कोपर कुठे लागेल सांगता येत नाही.

ग्रिल मात्र थांबणार नाही, हे मला कळतं. सात जून तोंडावर आला आहे आणि गंजलेलं लोखंड आपल्या डोळ्यांसाठी पाऊस थांबवून धरत नाही. पण गंज घासताना जो बारीक भुगा उडतो तो आत्ता तुमच्या डोळ्यात जाता कामा नये. म्हणून हे एक काम मुलाला द्या, किंवा आयुष्यात पहिल्यांदा बाहेरचा माणूस बोलवा. घासायच्या दिवशी तुम्ही घरात थांबू नका, बहिणीकडे किंवा मित्राकडे जा. संध्याकाळी भुगा पुसून झाला की या आणि तपासा. सांध्यांत गंज राहिला आहे का, प्रायमर खालच्या बाजूलाही लागला आहे का, हे तुमच्याइतकं कुणाला दिसणार? ग्रिलला आधी होता तोच रंग लावू द्या. आतल्या भिंतीचा रंग निवडायची घाई मात्र नको. आत्ता दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात, उगाच पैसे जातील.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी बोलत नाही. तुम्ही ३० वर्षं चष्मा लावत असाल तर कानस चालवताना, ड्रिल मारताना उडालेला कण त्या काचेवर अडत होता. आता दूरचा चष्मा गेला म्हणजे ती काचही गेली. पुढे काम सुरू कराल तेव्हा बाजूने बंद असलेला सेफ्टी गॉगल आधी, मशीन नंतर. चुना, सिमेंट, व्हाइट सिमेंट यांच्या बाबतीत तर विशेषच, कारण ते डोळा भाजून काढतात. हा गॉगल आत्ताच आणून पेटीत ठेवा. म्हणजे पेटी परत आली की तो आधी हाताला लागेल.

हो, पेटी परत यायलाच हवी. सूनबाई, तुम्हीही हे वाचत असाल असं धरून लिहिते. तुम्ही घाबरलात, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून असंच काहीतरी निघतं. ऑपरेशनसाठी तुम्हीच सुट्टी काढली असणार, तपासणीला तुम्हीच नेलं असणार, थेंबांची आठवणही तुम्हीच करत असणार. पण या माणसाच्या हातात चाळीस-एक वर्षं ती हत्यारं होती. ती शेजारच्या घरात नेऊन ठेवणं म्हणजे त्यांना चार लोकांत सांगणं की तुमचं काम संपलं. तसं तुमच्या मनात नव्हतं, हे मला माहीत आहे. पेटी आज आणा, त्यांच्या नजरेसमोर ठेवा, आणि डॉक्टर सांगतील ती तारीख दोघांनी मिळून कागदावर लिहून झाकणावर चिकटवा.

दादा, "तुम्ही पडलात तर" हे शब्द तुम्हाला लागले. मी ते दोन-तीनदा वाचले. मला त्यात हिशेब दिसला नाही, दमलेली बाई दिसली. तिला एकदा विचारा, किती सुट्ट्या गेल्या म्हणून. एवढंच विचारा, पुढे काही बोलू नका.

आणि तो नळ सुनेकडूनच दुरुस्त करून घ्या. हे मी समजूत म्हणून सांगत नाही, काम म्हणून सांगते. तुम्ही खुर्चीवर बसा, जरा लांब. आधी ओट्याखालचा कॉक बंद करायला सांगा. मग नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. पाना लावताना मध्ये फडकं घ्यायचं, म्हणजे नळाच्या पॉलिशला चरा पडत नाही. आतला स्पिंडल सोडवून बाहेर काढायचा, झिजलेला वॉशर खालून निघतो, तो हातात घेऊन दुकानात जायचं आणि त्याच मापाचा आणायचा. तिचा पहिला आटा तिरका बसेल. ओरडू नका. "परत सोडव, बोटाने फिरव, अडलं की थांब," एवढंच म्हणा. तुम्हाला पहिल्या वर्षी कुणीतरी असंच म्हटलं असेल. जवळचं धूसर दिसलं तर घाबरू नका. आपल्याकडे बहुतेकांना दूरचं दिसणारं भिंग बसवतात, वाचायला चष्मा लागतोच, आणि त्याचा पक्का नंबर साधारण महिना-दीड महिन्याने ठरतो.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. डोळा वाळू गेल्यासारखा खुपतो, थोडं पाणी येतं, हे चालतं. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, कालच्यापेक्षा आज कमी दिसू लागलं, पू आला, डोळ्यासमोर विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा एकदम सडा पडला किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं झालं, तर त्याच तासाला निघायचं. सोमवारची वाट बघायची नाही, झोपून उठून बघू म्हणायचं नाही. ऑपरेशन जिथे झालं तिथे आधी फोन, तिथे कुणी भेटलं नाही तर केस पेपर घेऊन थेट सायन किंवा केईएमच्या कॅज्युअल्टीत. तो नंबर मुलाच्या मोबाइलमध्येही असू द्या. आजवर तो गप्प बसला आहे, तेवढं काम त्याला द्या.

जूनमध्ये डावा डोळा झाला की त्याच भिंतीसमोर पुन्हा उभे राहा आणि एकेक डोळा झाकून बघा. दोन्हींना भिंत सारखीच दिसली की मला कळवा. मग रंगाचं कार्ड आणायला तुम्ही आणि सूनबाई दोघं मिळून जा.

तुमची,
ताई