भात-भाकरी बंद करून मॅरेथॉन पळता येते का? ग्लायकोजेन, म्हणजे भात-भाकरीसारख्या खाण्यातून अंगात साठणारी साखर, किती वेळ पुरतं आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो?

नाही येत. निदान शर्यतीच्या वेगाने तर नाहीच. 'आठवड्यात दोन किलो उतरले म्हणजे चरबी जळायला लागली', असं तुमचे जिमचे सर म्हणतात ना, ते वाचूनच मी उत्तर लिहायला बसले. हे वाक्य आमच्या घरात ऐकून झालंय.

माझा धाकटा भाऊ साताऱ्याचा, यवतेश्वरच्या घाटात पळून तयार झालेला. मुंबई मॅरेथॉनच्या आधी त्याने एक ट्रेनर धरला आणि घरातली भाकरी, भात, केळी सगळं बंद. नुसती अंडी, पनीर आणि बदाम. आई रोज ताटावरून भांडायची. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलो खाली आला आणि ट्रेनरने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मी तेव्हाच म्हटलं, हे वजन चरबीचं नाही. स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम साधारण ३ ग्रॅम पाणी धरून असतो. साठा गेला की पाणीही गेलं. करा बेरीज. ट्रेनर म्हणाला, "ताई, हे पुस्तकातलं झालं."

शर्यतीच्या दिवशी मी पेडर रोडच्या चढावर उभी होते. तो आला तोच चालत, आणि मला बघून दुभाजकाला टेकला. घाम गार पडलेला, नजर ठरत नव्हती. चिक्कीचं पाकीट हातात दिलं तर ते फाडता येईना, इतकी बोटं थरथरत होती. शेजारच्या एका काकूंनी संत्र्याची फोड सोलून त्याच्या तोंडात घातली. किती राहिलं रे, विचारलं तर माझ्यावरच खेकसला, आणि तो कधी आवाज चढवून बोलणारा नाही. ग्लुकोजचं पाणी पोटात गेल्यावर थोड्या वेळाने भानावर आला, नीट बोलायला लागला. पाय मात्र उचलेनात.

डोकं परत आलं आणि पाय आले नाहीत, हे का, ते समजून घ्या. यकृतातलं ग्लायकोजेन म्हणजे गावची विहीर, स्नायूतलं म्हणजे ज्याच्या त्याच्या घरचा रांजण. यकृत ग्लुकोज रक्तात सोडतं, त्यावर मेंदू चालतो. स्नायूकडे ग्लुकोज बाहेर सोडायला लागणारं विकरच (एन्झाइम) नाही, त्यामुळे मांडीतला साठा मांडीनेच वापरायचा. १९६६ साली स्वीडनमध्ये बेर्गस्ट्रोम आणि हल्टमन या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकच सायकल, दोघांनी एकेका पायाने मारली, आणि नंतर भरपूर पिष्टमय खाल्लं. दमलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट भरलं. मॅरेथॉनच्या आधी भात-बटाटे चेपून खायची पद्धत तिथूनच आली. भावाचे दोन्ही साठे सुरुवातीलाच अर्धेमुर्धे होते. ग्लुकोजच्या पाण्याने रक्तातली साखर सावरली, पण रिकाम्या मांड्या रस्त्यात उभ्या उभ्या भरत नसतात.

चरबी भरपूर असते, मान्य. पण तिच्यातून तेवढीच ऊर्जा काढायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि ती मिळते हळू. चालायला पुरते, चढावर पळायला नाही.

तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात: भरलेला साठा म्हणजे सुमारे २००० कॅलरी. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला साधारण २७०० लागतात. चांगल्या वेगात दीड-दोन तासांनी साठा कमी पडायला लागतो, म्हणून पळतानाच थोडं थोडं गोड घेत राहायचं. पुन्हा भरायला, नीट जेवलात तर, साधारण एक दिवस.

मधुमेह असेल, इन्सुलिन घेत असाल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याने भाताचे डोंगर खायची गरज नाही. आणि काही जण महिनोन्महिने सवय करून कमी पिष्टमय खाऊन सावकाश लांब पळतात, तेही खरं आहे. पण तो मार्ग शर्यतीच्या तोंडावर धरायचा नसतो.

सरांना एवढं सांगा. दोन दिवस पोटभर भात-भाकरी खा आणि परत काट्यावर उभे राहा. गेलेलं वजन बहुतेक सगळं परत आलेलं दिसेल. दोन दिवसांत दोन किलो चरबी चढवायची तर रोजच्या जेवणाखेरीज दोन दिवसांत मिळून १५ हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, आणि तेवढं कुणी खाल्लेलं नसतं. म्हणजे आलं ते ग्लायकोजेन आणि पाणी, आणि आधी गेलं होतं तेही तेच. हे गणित मी भावाच्या ट्रेनरसमोर मांडलं होतं, त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या सरांकडे असेल तर त्यांना इथेच लिहायला सांगा.